बदामची पंजी

नाझरकाकांना मोजल्याशिवाय राहवत नसे. दिवाणी कचेरीत जप्तीची भांडी मोजण्यात उभा जन्म गेलेला; पेन्शन घेतल्यावरही खोड गेली नाही. देऊळगाव राजाला एका लग्नात पंगत बसलेली, आणि हे वधुपित्याच्या कानात सांगतात, "अकरा लाडू कमी पडतीन, पाहा." अकराच कमी पडले! "मोजलं म्हंजे भेव नाही," हे त्यांचं पालुपद.

बुलढाण्यात वकिलांच्या क्लबात मला ब्रिज शिकवला तो त्यांनीच. मी नवखा वकील, त्यात भिडस्त. एकदा नागपूरहून आलेल्या साहेबाच्या पानावर मी मुद्दाम हुकूम मारला नाही. साहेब गेल्यावर काकांनी मला असं झापलं म्हणता! "सलाम दारात करायचा, बे. टेबलावर हुकूम मारायचा. नाही तं त्या माणसाले तू खेळाडूच नाही समजून राह्यला."

पुढे एका हिवाळ्यात काकांचं एकेक सुटू लागलं. चहा झाला का, हे दोनदा विचारत. माझं नाव आठवलं नाही की नुसतं "वकीलसाहेब" म्हणत. आम्ही दोन्हीदा "झाला" म्हणायचो.

त्या दिवसांत एका रविवारी दुपारी त्यांनी बदाम हुकूम करून ग्रँड स्लॅमची बोली केली. तेराच्या तेरा हात करायचे, जन्मात पहिल्यांदा. त्यांच्या भिडूने पानं उघडी मांडली. काकांनी तीनदा हुकूम उतरून सगळ्यांचे काढून घेतले आणि म्हणाले, "संपले." संपले नव्हते. बदामची पंजी, पाचाचं ते पान, माझ्या हातात होती.

मग त्यांनी चौकटचा राजा टाकला. माझ्याकडे चौकट नव्हतं. पंजी मारली असती तर डाव तिथंच बुडाला असता. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. पोरासारखं फुललं होतं हो! मी किलवरचं फालतू पान टाकलं, आणि पुढेही तसंच टाकत गेलो.

तेराव्या हाताला काकांनी राखून ठेवलेला बदामचा गुलाम टाकला. मूर्खासारखं मी हे धरलंच नव्हतं. माझ्याकडे एकच पान उरलेलं. पंजी टाकावीच लागली.

स्लॅम पुरा झाला, पण कोणी टाळी वाजवली नाही. काका पंजीकडे पाहत राहिले. बोटांवर मोजलं, परत मोजलं.

"मी साहेब झालो का, बे?"

त्यानंतर ते क्लबात आले नाहीत. पुढे त्यांना पोरांची नावंही आठवेनात. पण मी दारात दिसलो की हात वर करून पाच बोटं दाखवत. सगळं विसरले, तेवढं विसरले असते तर देवाचं काय गेलं असतं!