भोंगा आणि शिट्टी

निपाणीच्या वेदगंगेपासून खानापूरच्या मलप्रभेपर्यंत आमच्या थोरल्या साडूंइतका गोंगाटावर जीव टाकणारा माणूस शोधून सापडायचा नाही. चारचौघं म्हातारपणी शांत जागा बघतात. कुणी गावाबाहेर प्लॉट घेतं, कुणी देवळाच्या कट्ट्यावर जाऊन बसतं. आमच्या साडूंनी मात्र बेळगावजवळच्या कंग्राळीतल्या आपल्या घरात सन कॉन्युर नावाच्या परदेशी पोपटांची जोडी आणून ठेवली. हा पक्षी ज्यांनी ऐकलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिसायला तो देवाच्या दागिन्यासारखा: पिवळाजर्द, पोटाशी शेंदरी, पंखांच्या टोकाला हिरवा, अंगाने साळुंकीहून जरा मोठा. आणि आवाज असा, की पत्र्याच्या डब्यात खिळे भरून कुणी तो जिन्यावरून सोडून द्यावा, आणि डबा खाली पोचायच्या आत दुसरा सोडावा. मी निपाणीहून त्यांच्याकडे जायचो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी गाडी लावतानाच कळायचं की अण्णा घरी आहेत. सगळं गोत त्यांना अण्णाच म्हणायचं.

अण्णांची उभी हयात मच्छे गावातल्या एका फौंड्रीत गेली. ओतून आलेल्या लोखंडी भागांच्या कडा ग्राइंडरवर घासायच्या, हे त्यांचं काम. कानात घालायला बोळे मिळायचे. अण्णा ते खिशात ठेवायचे. "बोळं घातलं तर मशीन काय म्हनतंय ते कळत न्हाय," असं त्यांचं म्हणणं. निवृत्त होईपर्यंत मशीन बोलत राहिलं आणि बाकीचं जग हळूहळू कुजबुजायला लागलं. आक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, त्यांच्या कानांच्या उतरत्या पट्टीबरोबर आपला आवाज चढवत गेली. त्या दोघांची खाजगी भांडणं साऱ्या गल्लीला पाठ होती. भाजीत मीठ जास्त झालं तरी ते आधी शेजाऱ्यांना कळायचं आणि मग अण्णांना. पुढे पोटाच्या दुखण्याने आक्का एका पावसाळ्यात गेली, आणि ते घर जे मुकं झालं ते झालंच.

बेंगळूरला असलेल्या मुलीने बापासाठी कानाचं मशीन पाठवलं. अण्णांनी ते घालून बघितलं आणि काढून मोहरीच्या डब्यात टाकलं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "पावणं, फॅन ऐकू येतोय. भांडी ऐकू येत्यात. माझं मला चावनं ऐकू येतंय. मानूस तेवढं ऐकू येत न्हाय." त्याच आठवड्यात ते बेळगावात पाखरांच्या दुकानात गेले आणि म्हणाले, "सगळ्यात जास्त बोंब मारनारं कुठलं हाय, ते दाखवा." दुकानदाराचा सगळा जन्म हीच गोष्ट गिऱ्हाइकापासून लपवण्यात गेलेला. त्याने म्हणे आधी अण्णांना पाणी दिलं, मग पक्षी.

नराचं नाव अण्णांनी ठेवलं भोंगा आणि मादीचं शिट्टी. फौंड्रीत पाळी बदलली की जे वाजायचं, त्याच्यावरून. सकाळी पिंजऱ्यावरचं फडकं काढलं की अण्णा पुढ्यात खुर्ची टाकून बसायचे, अगदी गाण्याच्या बैठकीला बसल्यासारखे. डाव्या कानावर हात धरून उजवा कान पुढे करायचे. भोंगा सुरू झाला की मान डोलवायचे, शिट्टीने साथ धरली की मांडीवर थाप मारायचे, आणि आम्ही पाहुणे चहाच्या कपांसकट मागच्या अंगणात पळायचो. अंघोळ घालताना, शेंगा सोलून देताना, पेपर वाचताना, आळीपाळीने दोघांतलं एक खांद्यावर. शर्टांची मागची बाजू कशी झाली होती ते मी लिहीत नाही. मध्येच ते पिंजऱ्याकडे बोट रोखून "गप रं!" म्हणून असे गरजायचे की पाखरं बिचारी खरोखर गप व्हायची. मग अण्णांचाच चेहरा पडायचा आणि पुन्हा शेंगा दाखवून त्यांना बोलतं करावं लागायचं.

भिंतीला भिंत लागून एका कन्नड शाळेतल्या निवृत्त बाई राहायच्या. त्यांना अर्धशिशी. त्या रोज दुपारी कुंपणाशी येऊन कपाळाला हात लावून "साकु, अण्णा, साकु!" म्हणजे पुरे, पुरे, म्हणून ओरडायच्या. भोंग्याने आयुष्यात एकच शब्द उचलला, तो हाच. बाईंनी एकदा साकु म्हटलं की तो दिवसभर साकु साकु करत बोंबलायचा, आणि अण्णा बाईंना म्हणायचे, "बघा बाई, तुमचा इद्यार्थी." शेवटी बाईंनी पंचायतीच्या मेंबराला आणलं. अण्णांनी दोघांना खुर्च्या दिल्या, चहा केला आणि आपली बाजू मांडली: "लग्नाच्या वरातीचा डॉल्बी चालतोय. इलेक्शनची रिक्षा चालतीया. माझ्या पाखरानंच काय घोडं मारलंय?" मेंबराने काहीतरी उत्तर दिलं, पण ते भोंग्या-शिट्टीमुळे कुणालाच ऐकू आलं नाही. बाई अण्णांशी बोलेनाशा झाल्या.

मागच्या हिवाळ्यात ते घडलं. थंडी म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात ठेवला होता. सकाळी अण्णांनी डोसे घालायला नॉनस्टिकचा तवा गॅसवर ठेवला. मग बघितलं तर पीठ अजून फुगलं नव्हतं. तेवढ्यात भोंग्याला खांद्यावर घेऊन ते पुढच्या ओट्यावर उन्हाला गेले, पेपर उघडला आणि तवा विसरले. रिकामा तवा तापत राहिला. आत शिट्टी ओरडत होती. तिचा आवाज ऐकून खांद्यावरचा भोंगा ओरडायला लागला, अण्णांच्या कानाची पाळी ओढायला लागला. अण्णांनी त्याला शेंगा चारल्या. शेजारच्या बाईंनी आधी खिडकी लावून घेतली. मग त्यांना काहीतरी निराळं वाटलं. पुढच्या फाटकाला आतून कडी होती. हाका मारून उपयोग नव्हता. त्या मागच्या दाराने आत शिरल्या, गॅस बंद केला, आणि पिंजऱ्याच्या तळाशी पडलेली शिट्टी पदरात घेऊन ओट्यावर आल्या.

अण्णांना दिसली ती आपल्या पाखरांवर खार खाणारी बाई आणि तिच्या पदरात मेलेलं पाखरू. ते उठून ओरडले, "मारलासा न्हवं शेवटी?"  बाईंनी अण्णांच्या मनगटाला धरून त्यांना आत नेलं आणि काळ्यानिळ्या झालेल्या तव्याकडे बोट केलं.

बाईंनीच आम्हाला फोन केला. आम्ही दुपारपर्यंत पोचलो. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, असला तवा रिकामा तापला की त्याच्या लेपाचा धूर होतो. माणसाला नुसतं ठसकल्यासारखं होतं, पण पाखराची छाती तेवढ्यानं संपते. बायकोने परसात जास्वंदीखाली खड्डा काढला. अण्णा ओट्यावरून उठले नाहीत. मी शेजारी बसलो. ते म्हणाले, "वरीस झालं, पावणं. मला ह्यांचं काय बी ऐकू येत न्हाय."

 ओठ नीट दिसतील असं तोंड त्यांच्याकडे करून मी विचारलं, "मग ते गप रं म्हणून ओरडायचात ते?"

"चोच उघडली की वरडायचो. गळ्याखालची पिसं हालत्यात न्हवं, ती बघून. कवा कवा चुकायचं." मग म्हणाले, "पयल्यांदा ऐकू यायचं, खोटं न्हाय सांगत. तुमची आक्का गेल्यावर ह्यांचंच तेवढं आत पोचायचं. मग ते बी पातळ होत गेलं. मी म्हटलं, कुणाला सांगायचं आन कशाला? पोरगी येऊन मला बेंगळूरला न्हेईल." खांद्यावरचा भोंगा गप्प होता. अण्णांनी त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. "ह्यो कानाशी बसून बोंब मारत हुता, पावणं, आन मी त्याला शेंगा चारत हुतो."

त्यानंतर भोंगा दाणा खाईना. छातीवरची पिसं उपटायला लागला. आम्ही सगळ्यांनी अण्णांना सांगितलं, दुसरी मादी आणा. मुलीने तर पसंत करून फोटोही पाठवले. अण्णांनी नकारार्थी मान हलवली. "वरडनाऱ्याच्या घरात ऐकनारं मानूस पायजे," एवढंच म्हणाले. डॉक्टरांच्या ओळखीने खानापूरपलीकडच्या गुंजी गावच्या एका निवृत्त नर्सबाईंचं नाव कळलं. त्यांच्या शेतातल्या घरी मोठ्या जाळीत याच जातीची बरीच पाखरं होती. आजूबाजूला झाडं, शेजार लांब. अण्णांनी विचार करायला वेळ घेतला नाही. रविवारी गाडी घेऊन या म्हणाले.

आम्ही निघालो तेव्हा शेजारच्या बाई फाटकाशी आल्या. अण्णांनी पिंजरा खाली ठेवून त्यांच्यापुढे हात जोडले. "त्या दिवशी तोंडाला येईल ते बोलून गेलो, बाई." बाईंनी त्यांचे हात धरून खाली केले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "रोज ओरडत होते न्हवं का मी ह्या पाखरांवर, म्हणून तर आवाज वेगळा आहे ते कळलं. पण मी आधी खिडकी लावली हो. ते अण्णांना सांगू नका." मी सांगितलं नाही.

खानापूर मागे पडेपर्यंत भोंगा अण्णांच्या मांडीवरच्या पिंजऱ्यात अंग फुगवून बसून होता. अण्णा बाहेर बघत होते. नर्सबाईंनी चहा दिला, जाळी दाखवली. अण्णांनी प्रत्येक फांदी हलवून बघितली, पाण्याचं भांडं स्वतः विसळलं आणि मग पिंजऱ्याचं दार उघडून हात आत घातला. भोंगा बोटावर आला. बोटावरून जाळीतल्या फांदीवर जाताना त्याने मागे वळून वगैरे पाहिलं नाही. पाखरं तसं करत नाहीत. बाकीची पाखरं सरकून त्याच्याजवळ आली. अण्णांनी जाळीची कडी लावली, ओढून बघितली, नर्सबाईंना नमस्कार केला आणि रिकामा पिंजरा घेऊन गाडीकडे चालायला लागले.

ते फाटकापर्यंत पोचले आणि मागे एकदम दंगा उसळला. त्या सगळ्यांच्या वरचढ एक आवाज होता, तो मला ओळखू आला. अण्णा पाठमोरे चालतच होते. मी धावत जाऊन त्यांच्या दंडाला हात लावला, जाळीकडे बोट केलं आणि बोटांची चोच करून उघडझाप करून दाखवली.

अण्णा थांबले. वळले. डाव्या हातातला पिंजरा उजव्या हातात घेऊन जाळीकडे तोंड करून उभे राहिले. झाडांमुळे तिथून जाळीतलं काही दिसत नव्हतं.

"लई वरडतोय?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. लई.

"किती येळ वरडतोय बघा, गप झाला की सांगा," ते म्हणाले, आणि माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले.