गमानं बुजलेली बोटं
नातवानं काल चप्पल चिकटवायला झटपट गमची नळी फोडली आणि तो झोंबरा वास नाकात शिरताच मला गावातल्या रेशन दुकानाची पायरी आठवली. तेव्हा मी नुकतीच ऊसतोडीहून आले होते. तोडीवर बोटांना भेगा पडल्या की आम्ही बाया त्यांत हाच गम भरायचो. जरा वेळ आग व्हायची, मग भेग मिटायची आणि कोयता धरता यायचा. माझी दहाही बोटं अशीच भरलेली होती. दुकानात अंगठे द्यायचा तो शेवटचा दिवस होता. अंगठा लागला नाही तर कार्डावरून नाव जाणार होतं. अंगठ्याचं मशीन प्रत्येक बोटाला लाल दिवा दाखवत होतं. दुकानदार म्हणाला, "मावशी, बोटाला रेषाच न्हाईत. गमानं बुजल्यात." मागची बाई ओरडली, "आटपा की, आमी काय मुक्कामाला आलोत?" मी पायरीच्या दगडावर अंगठा घासला, तर गम तसाच राहिला आणि बाजूची कातडी निघाली. शेजारची चहावाली म्हणाली, "घासू नका, कोरड्या कातडीला तो लई धरतो. भिजवा," आणि तिनं कोमट पाण्याची वाटी पुढं केली. मी अंगठा बुडवून बसले. दुकानदारानं शटर अर्धं ओढलं. मी ओरडले, "थांब की रे बाबा, जित्ती हाय मी!" शेवटी कड सुटली. दातात धरून ओढली तशी गमाची अख्खी पापडी निघाली. तिच्यावर माझ्या अंगठ्याच्या रेषा जशाच्या तशा उमटल्या होत्या. लाल झालेला अंगठा पदराला पुसून मशीनवर दाबला आणि हिरवा दिवा लागला. दुकानदार हसला, "पापडी जपून ठेवा, पुढल्या महिन्याला कामाला येईल." मी ती त्याच्याच तराजूत टाकली. आता मी भेगांत काही भरत नाही. ठणकतात, ठणकू देते.