अकरा वेळा पाहिलेला धडा

पाढेमास्तरांना एकोणतीसचा पाढा उलटा यायचा, आणि तो म्हणून दाखवायला त्यांना निमित्त लागत नसे. चौतीस वर्षं खडू झिजवलेला माणूस, त्यामुळे शाळेत टॅब्लेट आले तेव्हा सगळ्यांना वाटलं, मास्तर कपाळाला हात लावणार. झालं उलटंच. मास्तरांनी मोबाईलसमोर धडा शिकवायचा, मुलांनी तो घरी बघायचा आणि वर्गात नुसती गणितं सोडवायची, ही रीत त्यांना फारच आवडली. त्यातून धडा कुणी किती वेळा पाहिला, याची यादी मिळायची. मग काय, माकडाच्या हाती कोलीत!

एका सकाळी भागाकाराच्या धड्याची यादी ते वर्गात मोठ्यानं वाचू लागले. कुणी एकदा, कुणी दोनदा, एका चिरंजीवांनी अर्धं मिनिट. खिडकीजवळच्या मुलीपुढे आकडा होता अकरा.

"अकरा वेळा?" मास्तर चष्म्यावरून बघत म्हणाले. "एवढ्यात दगडालाही भागाकार आला असता."

वर्ग खो खो हसला. मुलीनं खाली घातलेली मान शाळा सुटेपर्यंत वर केली नाही. पुढच्या तिन्ही धड्यांना तिच्या नावापुढे शून्य. मास्तरांना आधी राग आला, मग काळजी वाटली. तिची आई शाळेतच झाडलोट करायची. वर्ग रिकामा झाल्यावर त्यांनी तिला गाठलं आणि लेकीला जरा समजवायला सांगितलं.

बाईनं झाडू भिंतीला टेकवला. "तिनं तीनदाच पाहिला, गुरुजी. आठ वेळा मी पाहिला, भांडी घासताना समोर ठेवून."

मग लेक वर्गात तसं बोलली का नाही, असं मास्तरांनी विचारलं.

"माझं हसं होईल म्हणून. मी तुमच्याच वर्गात होते, शेवटच्या बाकावर. पुन्हा विचारलं की तुम्ही हसायचात. मग विचारणं सोडलं, पुढे शाळाच सोडली. टॅब्लेटमध्ये कितीदाही विचारा, तुम्ही हसत नाही."

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. जिभेवर शेकडो पाढे, पण ती शेवटच्या बाकावरची मुलगी काही केल्या आठवेना. त्याचीच लाज जास्त वाटली.

घरी त्यांनी पहिल्यांदाच स्वतःचा धडा पाहिला. पडद्यावरचे मास्तर तीनदा म्हणाले, "हे तर कुणालाही येतं," आणि अवघड पायरी भुर्रकन उरकून पुढे गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गासमोर मुलीची माफी मागितली. ती खिडकीबाहेरच बघत राहिली. मास्तरांनी धडा नव्यानं, सावकाश शिकवून पाठवला. आठवड्यानं तिच्या नावापुढे सहा आला. कुणी पाहिला, हे त्यांनी विचारलं नाही.

मग एका सकाळी नुकत्याच झाडलेल्या वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात अनोळखी अक्षरात एक भागाकार दिसला. सगळा बरोबर, फक्त उत्तरात मधलं शून्य द्यायचं राहिलेलं. मास्तरांनी डस्टर उचललं, परत ठेवलं. मुलं यायला वेळ होता. त्यांनी मोबाईल उभा केला आणि तेवढी शून्याचीच पायरी पुन्हा शिकवायला घेतली.