काकांचं सातवं घर

अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात जुनी घरं घेऊन, चकाचक करून विकणारे पुष्कळ आहेत. पण एवढं सगळं करून नेमाने तोट्यात जाणारा माणूस एकच, आणि तो आमच्या मावशीचा नवरा. आम्ही त्यांना काका म्हणतो. कोणी विचारलं, "काय हो, परवडतं का अजून हे घरांचं?" की काका चष्मा कपाळावर ढकलून नाकातून म्हणणार, "परवडतं म्हणजे काय? घर पडत होतं, आता उभं आहे ना?" ही नक्कल मी घरच्या लग्नांत करतो. पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत मोठ्याने काकाच हसतात.

लोक घर घेताना कागद बघतात, काका झोपतात. प्रत्येक खोलीत, जमिनीवर, दहा दहा मिनिटं. "वारा कुठनं येतो ते आडवं झाल्याशिवाय कळत नाही रे!" केळशीला असेच माजघरात पसरलेले असताना घरमालकीण चहा घेऊन आली आणि कपबशी टाकून "मेला मेला" करत शेजारी धावली. आळी जमली तेव्हा काका उठून बसत म्हणाले, "वारा उत्तम. घर घेतलं." मग भाव कुठला करणार? दुरुस्तीची तीच तऱ्हा. गवंडी म्हणायचा, "काका, ह्या चिऱ्याला काय झालंय? चांगला हाय की." काका भिंतीला कान लावून सांगायचे, "मनातून हललाय तो. काढ."

त्यात काकांचा एक नेम. घर दुसऱ्याच्या हाती देताना जागेच्या राखणदारापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, आणि त्यात काही लपवायचं नाही. मागे "व्हय म्हाराजा" म्हणायला मला नेतात, कारण मी एकटा चार म्हाताऱ्यांचे आवाज काढतो. एरवी हे सगळं व्यवहार झाल्यावर, गिऱ्हाईक मुंबईला गेल्यावर चालायचं.

मालगुंडचं घर सातवं. मावशीने बजावलं होतं, "अहो, हे शेवटचं. हे फायद्यात गेलं नाही तर धंदा बंद. घ्या माझी शपथ." काकांनी घेतली. मुंबईचं जोडपं आलं, त्यांना घर आवडलं. बाईंनी तर झोपाळ्याची जागासुद्धा ठरवली. सह्या दुसऱ्या दिवशी होत्या; पण गाऱ्हाण्याचं ऐकून ते म्हणाले, "आमच्यासमोरच घाला ना! व्हिडिओ काढू."

काकांनी टोपी घातली, डोळे मिटले. "बा म्हाराजा, तुझी ही लेकरं मुंबैसून इली हत. मे महिन्यात हिरीचं पानी मचूळ व्हतं, ता ग्वाड कर!"

"व्हय म्हाराजा!"

"पाठची भित पावसात घाम गाळता. तीनदा गिलावा केला तरी गाळताच. तिला आवर!"

मी नुसता खोकलो. पण हुंकार आल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही. काकांनी एक डोळा उघडून माझ्याकडे असं पाहिलं की चारही म्हातारे एकदम ओरडले, "व्हय म्हाराजा!"

"माळ्यावर धामण हाय. तिची नि ह्या बाईची गाठ पाडू नको!"

बाई तोवर गाडीत जाऊन बसल्या होत्या.

परतताना मी चिडलो. "काका, एवढं सगळं कशाला सांगितलंत?"

"अरे, ज्याला सांभाळायचंय त्याला नको का माहीत?"

आठवड्याने मावशी रागारागाने त्या घराची झाडलोट करायला गेली. मीही होतो. मावशी जेमतेम पावणेपाच फूट. रत्नागिरीतल्या ब्लॉकमध्ये पोळ्या लाटायला ती पाटावर उभी राहते. इथे ओट्याशी गेली आणि थांबली. दोन्ही तळहात ओट्यावर टेकवले. कोपर अगदी बरोबर बसत होतं.

"अहो, सगळ्या घरांचे ओटे एवढेच केलेत की काय?"

काका खिडकीची कडी बघत म्हणाले, "मला एकच माप पाठ आहे."

मावशीने पदराने ओटा पुसला, आधीच स्वच्छ होता तरी. "हे विकायचं नाही."

धंदा बंद झाला. दोघं आता मालगुंडला राहतात. गणपतीपुळ्याला जाणारी एखादी गाडी फाटकापाशी हळू झाली की काका पडवीतून उठतात, सदरा खाली ओढतात, तोंडावर 'या, आतून तर बघा' आणतात. काच खाली होते, देवळाचा रस्ता विचारला जातो. काका हातवारे करून नीट सांगतात. गाडी वळणाआड गेली तरी ते फाटकाला धरून उभे असतात. मग खिशातून पेचकस काढतात आणि फाटकाचं बिजागर, कालच घट्ट केलेलं, पुन्हा एकदा घट्ट करतात.