टावोच्या काखेतला बॉल

टावो लेर्मा धावतो तेव्हा बघायला काही देखणं नसतं, हे आधीच सांगून टाकते. मान खाली, गुडघे वर, आणि दर पावलाला नाकातून हुं-हुं असा आवाज. बुटका, मांड्या जाड, आणि चेहरा असा की आत्ताच कुणीतरी झोपेतून उठवलंय. पण त्याला धरायला गेलेलं पोरगं हमखास पाठीवर पडलेलं दिसायचं, आणि टावो आपला पुढेच.

हे मी ऐकीव सांगत नाही. पश्चिम टेक्ससमधल्या आमच्या ड्राय फोर्क गावात शाळेच्या फुटबॉल संघाची बस मी चालवते; लांबट बॉल हातात घेऊन पळायचं, तो आमचा फुटबॉल. पोरं तोंडावर मला मिस ओपल म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही ठाऊक आहे, बसचा आरसा मोठा आहे. टावो कायम माझ्या मागच्याच सीटवर बसायचा, कारण शेवटच्या सीटांचा मान खेळणाऱ्यांचा, आणि टावोला कोणी खेळवायचं नाही. रनिंग बॅकची जागा एकच असते. बॉल काखेत मारायचा आणि समोरच्या अकरा जणांच्या भिंतीत घुसायचं, एवढंच काम. पण गावात त्या जागेला जो मान आहे तो महापौरालाही नाही. आमचा महापौर बघितलात तर तुम्हीही म्हणाल, बरोबरच आहे.

यंदा टावोचं शाळेचं शेवटचं वर्ष. जुना गडी पास होऊन गेला, जागा रिकामी झाली, आणि तिच्यावर दोघांचा डोळा होता: टावोचा आणि रीस हॉलोवेचा. रीस उंच, सडपातळ, पळायला लागला की नजर पुरायची नाही. तासभर मैदानात घाम गाळून हेल्मेट काढलं तरी भांग मोडलेला नसायचा. अख्खं गाव त्याच्यावर फिदा. पोरगा वाईट नव्हता हीच पंचाईत, नाहीतर मला त्याच्यावर चिडायला सोपं गेलं असतं.

टावो, म्हणजे कागदोपत्री ऑक्टाव्हियो, लहान असतानाच त्याची आई गेली. त्याला वाढवलं मावशीने, चेलोने. शुक्रवारी संध्याकाळी मैदानावर सामना असला की चेलो खाण्याच्या टपरीत उभी असते, मक्याच्या चिप्सवर गरम खिमा ओतत. बस काढायची नसली की मीही तिच्या मदतीला असते. टपरीची खिडकी प्रेक्षकांच्या स्टँडच्या मागच्या बाजूला उघडते, त्यामुळे इतक्या वर्षांत चेलोने एकही सामना पाहिलेला नाही. तिला सामना ऐकू येतो, भोंग्यातून.

‘सुरुवातीला उतरणाऱ्या अकरा जणांची नावं घेतात ना, ओपल,’ ती मला म्हणायची, ‘त्यात एकदा आमच्या घरातलं नाव ऐकायचंय. मग भोंगा बिघडला तरी चालेल.’

टावोलाही तेवढंच हवं होतं. पुढे त्याला मामाबरोबर छपरं घालायच्या कामाला जायचं होतं, फुटबॉल इथेच संपणार होता. जी काही संधी ती हीच.

ऑगस्टमध्ये, हंगामाआधी, आमच्याच पोरांचे दोन गट पाडून खेळ होतो. गाव कलिंगडं कापून बघायला बसतं. त्या दिवशी टावो असा खेळला की म्हातारे बी चावायचे थांबले. शेवटी तो सगळ्यांना झटकून गोलरेषेपाशी पोचला, समोर कुणी नाही, आणि रेषेच्या हातभर अलीकडे त्याने आनंदाने दोन्ही हात वर केले. बॉल पडला! घरंगळत मागे आला आणि रीसच्या पायाशी थांबला.

कोच बर्डेट ओरडला नाही. तो फक्त म्हणाला, ‘घे काखेत.’

आमच्याकडची रीत ही. हातातून बॉल सुटला की आठवडाभर तो बॉल जिथे जाल तिथे बरोबर न्यायचा. शाळेत, घरी, दुकानात, चर्चमध्ये. आणि गावातल्या कुणालाही, कधीही, थापट मारून तो पाडायची मुभा. माणसाला धक्का द्यायचा नाही, फक्त बॉलला मारायचं. पडला, की आठवडा पुन्हा पहिल्यापासून. आणि आठवडा पुरा होईपर्यंत पहिल्या संघाबरोबर सराव बंद. जागा मिळवायची तर टावोला ते दिवस भराभर उरकून टाकायला हवे होते.

गावाला तर सणच. न्हाव्याने गळ्याभोवती कापड गुंडाळता गुंडाळता थापट मारली. बाप्टिस्ट पाद्रीबुवांनी मागून येऊन मारली आणि वर ‘देव तुझं भलं करो’ म्हणाले. किराणा दुकानात टावो पिशव्या भरायच्या कामाला होता. तो एका हाताने पिशवीत दुधाचे कॅन भरायचा आणि बायका अंडी घ्यायचं सोडून त्याच्या काखेवर टपून बसायच्या. मामेबहिणीच्या पंधराव्या वाढदिवसाचा नाच होता. टावोने सूट घालून, बॉल काखेत दाबून तिच्याबरोबर नाच केला. पोरगी फणकारली, ‘तिघं नाचतोय आपण! फोटोत हाच मधे येणार!’

रीस तर रोज बसमध्ये वाट बघत असायचा. ‘काय रे, बाळ झोपलं का? दूध पाजलंस का?’ असं म्हणत हात घालायचा. टावो बॉल दोन्ही हातांनी पोटाशी धरून, भिंतीला पाठ लावून, मान खाली घालून बसायचा. माणसं दिसली की रस्ता बदलायचा. माझ्या डोक्यात तिडीक जायची. म्हटलं, ‘अरे, चोरी केल्यासारखा काय हिंडतोस?’

‘रविवार दुपारपर्यंत, मिस ओपल,’ तो म्हणाला. ‘मग सुटलो.’

रविवारी दुपारी चर्चची घंटा झाली की आठवडा संपणार होता. मी मेथडिस्ट, पण त्या दिवशी मुद्दाम त्यांच्या कॅथलिक चर्चमध्ये जाऊन बसले. प्रार्थना संपत आली. शेवटाकडे सगळे एकमेकांचे हात हातात घेऊन ‘शांती असो’ म्हणतात. टावोच्या चेहऱ्यावर आठवड्यात पहिल्यांदा हसू होतं. चेलो वळली. तिने त्याचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला, कपाळाचा मुका घेतला आणि म्हणाली, ‘शांती असो, बाळा.’

आणि सोडलेल्या हाताने फाडकन बॉलला मारली.

बॉल बाकांखालून उड्या मारत थेट वेदीच्या पायरीला जाऊन आपटला. फादरांनी खाली बॉलकडे पाहिलं, मग वर येशूकडे पाहिलं, आणि प्रार्थना पुढे चालू केली.

बाहेर आल्याबरोबर मी चेलोला धरलं. ‘डोकं फिरलंय का तुझं? घरच्याच पोराच्या पायावर धोंडा घालतेस? पंधरा मिनिटं राहिली होती!’

‘म्हणूनच,’ ती म्हणाली. ‘त्या दिवशी रेषा हातभर राहिली होती, आज पंधरा मिनिटं. हा पोरगा दुःखात बॉल सोडत नाही, ओपल. आनंद झाला की सोडतो. आपलं माणूस जवळ आलं की सोडतो. मी नाही पाडला तर शेजारगावचे ते हार्लन वेल्सवाले पहिल्याच सामन्यात पाडतील, तेही आमच्या घरातलं नाव भोंग्यातून गाजत असताना.’

टावो पायरीवर बसला होता. मावशीकडे बघेना.

सोमवारी सगळ्या गावात एकच वाद, की चर्चमध्ये पडलेला बॉल हिशोबात धरायचा की नाही. कॉफीच्या दुकानात दोन सख्खे भाऊ यावरून वेगवेगळ्या टेबलांवर बसले. शेवटी कोच बर्डेट म्हणाला, ‘कॅथलिकांच्या पूजेत मी तोंड घालत नाही. पण जमिनीवर पडलेला बॉल म्हणजे जमिनीवर पडलेला बॉल.’ टावोचा सराव आणखी आठवडाभर बंद झाला, आणि रीस पहिल्या संघाबरोबर मजेत पळू लागला. मला वाटलं, संपलं. जागा गेली.

दोन दिवस टावो मावशीशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो बसमध्ये चढला तो मान वर करून. बॉल पोटाशी नव्हता, एका काखेत होता, टोक कोपरात घट्ट बसवलेलं. माझ्याजवळ उभा राहिला आणि म्हणाला, ‘मिस ओपल, सगळ्या गावाने मारलं. तुम्हीच नाही मारलं.’

‘मला असले चाळे आवडत नाहीत.’

‘मारा ना. मी हसत असताना मारा.’

मग काय, त्याने मागितलं आणि गावाने दिलं. आता तो रस्ता बदलत नव्हता. न्हाव्याकडे जाऊन गप्पा मारत बसायचा, म्हाताऱ्यांना विनोद सांगायचा, किराण्यातल्या बायकांच्या नातवंडांची चौकशी करायचा. हसायचा, आणि हसता हसता थापटा खायचा. घरी चेलो त्याला आवडीचे तमाले वाढायची आणि पहिल्या घासालाच बॉलवर हात टाकायची. शाळेच्या रिकाम्या आवारात गोगलगायीच्या वेगाने जाताना मीही एकदा त्याला मस्त गोष्ट सांगायला लावली आणि मधेच ब्रेक दाबला. टावो पुढच्या दांडीवर आपटला, त्याची टोपी माझ्या मांडीत पडली. बॉल होता तिथेच.

‘पुढे ऐका ना,’ तो म्हणाला, ‘मग तो बकरा छपरावर चढला...’

आठवडा पुरा झाला. पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, कोचने दोघांना बोलावलं. बचावातल्या पोरांच्या समोरासमोर दोन रांगा केल्या आणि मधे एक गल्ली ठेवली. तिच्यातून बॉल घेऊन जायचं, दोन्ही बाजूंनी सगळ्यांनी बॉलवर तुटून पडायचं. आळीपाळीने, कुणाचा तरी पडेपर्यंत. ज्याचा टिकेल त्याची जागा.

रीस सुंदर गेला. टावो हुं-हुं करत गेला. पुन्हा रीस, पुन्हा टावो. पोरं घामाघूम झाली, मारणाऱ्यांचे हात दुखायला लागले. मग रीस एकदा गल्लीच्या तोंडाशी पोचला, आता सुटलो म्हणून त्याने मान वर केली, आणि शेवटच्या पोराने खालून ठोसा घातला. बॉल उडाला.

राहिला टावो. तो आत शिरला. पोरांनी अक्षरशः लोंबकाळून घेतलं त्याला. गल्लीतून बाहेर पडला तरी तो थांबला नाही, तसाच बॉल दाबून कोचला वळसा घालून, पाण्याच्या पिंपाजवळून, थेट माझ्या बसपर्यंत पळत आला.

‘अरे, संपलं!’ कोच ओरडला.

‘घंटा नाही झाली अजून,’ टावो म्हणाला.

पहिल्यांदा हसला तो रीस. त्याने गवतातून आपला बॉल उचलला, काखेत मारला आणि टावोच्या पाठीत गुद्दा घातला. ‘साल्या, आता आठवडाभर हे बाळ माझं. घे जागा. उद्या पाडलास तर मीच मारीन तुला.’

शुक्रवारी मी टपरीत चेलोबरोबर होते. खिडकीसमोर ही रांग. भोंगा खरखरला, एकेक नाव येऊ लागलं. चेलोने खिम्याचा डाव तसाच वर धरून ठेवला.

‘रनिंग बॅक... ऑक्टाव्हियो लेर्मा!’

स्टँड डोक्यावर घेतलं लोकांनी. पुढच्या गिऱ्हाइकाने विचारलं, ‘बाई, माझा खिमा?’

‘थांब जरा,’ चेलो म्हणाली. डोळे पुसले, मग त्याला दुप्पट वाढलं.

सामना चुरशीचा झाला. लेर्मा, लेर्मा, पुन्हा लेर्मा. भोंग्याला दुसरं नाव सुचत नव्हतं. हार्लन वेल्सवाल्यांनी त्याच्या बॉलवर ठोसे घातले, बोटं घातली, ढिगाऱ्याखाली नखंही लावली म्हणतात. पण किराण्यातल्या बायकांपुढे ती पोरं म्हणजे अगदीच कच्ची. शेवटच्या काही मिनिटांत आम्ही चार गुणांनी मागे, बॉल आमच्याकडे, आणि गोलरेषा जवळ. भोंगा म्हणाला, ‘बॉल लेर्माकडे दिला जातोय...’

चेलोने खिडकीची फळी धाडकन पाडली. रांगेतली माणसं बाहेरून ओरडायला लागली. ती ॲप्रनसकट पळत सुटली, आणि तिच्यामागे मी, माझ्या गुडघ्यांना शिव्या देत. स्टँडला वळसा घालून कुंपणाशी पोचलो तेव्हा टावोच्या पाठीवर तिघं होते आणि तो हुं-हुं करत त्यांना ओढत होता. एक पाऊल. आणखी एक. रेषा ओलांडली, पडला, आणि त्याच्यावर सगळं जग पडलं.

ढीग उपसला तर सगळ्यात खाली टावो, आणि बॉल काखेत. पंचांनी हात वर करून सहा गुण दिले. पोरं नाचायला लागली. टावो बॉल सोडेना. पंच मागत होते आणि हा मान हलवत होता.

‘अरे, दे त्यांना!’ रीस ओरडला. त्याच्या स्वतःच्या काखेत शिक्षेचा बॉल होता. ‘त्यांचाच आहे तो, घरी नेशील का?’

सामना आम्ही जिंकला, आणि कोचने तो बॉल टावोलाच दिला. मैदानात माणसांची ही गर्दी, प्रत्येकाला त्याला मिठी मारायची होती. तो सगळ्यांतून वाट काढत कुंपणाशी आला. हनुवटीला रक्त, दातांत गवत, आणि चेहरा इतका हसरा की मलाच बघवेना. मी खरंच रडले, लपवायचं काय त्यात.

चेलोने कुंपणावरून त्याचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला. कपाळाचा मुका घेतला.

‘शांती असो, बाळा,’ ती म्हणाली आणि सगळ्या ताकदीनिशी बॉलवर थापट मारली.

बॉल तसूभर हलला नाही.

‘तुलाही शांती असो, मावशी,’ टावो म्हणाला. मग त्याने काख सैल केली आणि बॉल आपल्या हाताने तिच्या ॲप्रनमध्ये ठेवला.