पाच पट्ट्या अन् माया क्लार्नेट

अकोल्यात आमचा लग्नाचा बँड होता. मी त्यात क्लार्नेट वाजवो. वाजवो म्हंजे काय, बँडाचे उस्ताद मले सिनेमाले धाडत, मी गानं डोक्शात भरून आनो अन् तेच वर्सभर फुको. शाळंचं तोंड पाह्यलं नाई, कागदावरचे सूर मले मुंग्यावानी दिसत.

उस्ताद पयले मोठ्या शहरात, हॉटेलात जाझ वाजवत. हॉटेल बंद पडलं, इकडं आले. जाझमंदी म्हने एकानं सवाल टाकाचा, दुसऱ्यानं तवाच आपल्या मनानं जबाब द्याचा. मले वाटलं, बुढ्याचं डोक्शं गेलं.

चातुर्मासात लग्नं नसत, बँड रिकामा. उस्तादानं बँडवाल्यायचे सात-आठ पोट्टे जमवले अन् पेटीच्या पाच पट्ट्यायवर खडूनं खुना केल्या. सा, रे, ग, प, ध. "याच्या भायेर जाचं नाई. अंदर काईबी करा, चुकाले जागाच नाई ठेवली."

आठ दिवसात पोट्टे आपल्या मनानं वाजवू लागले. ढोलवाल्याची नऊ वर्साची पोट्टी तं असे सवाल टाके का वाटे, कोनी खिडकीतून हाक मारून राह्यलं. उस्ताद डोये मिटून आयकत. कोनाले चुकलं म्हनून बोलले नाई, म्हनत, "आता याले पुढं ने."

मलेबी त्यायच्यात बसवलं, पन मी जबाब द्याले बसलो का क्लार्नेटातून सिनेमाच निंघे.

"काका, हे तं परवाचं गानं हाय!" पोट्टी वरडे.

"मंग? चांगलं हाय नं?"

"चोरीचं हाय."

उस्ताद म्हनले, "तुळशीच्या लग्नानंतर जे पयलं लग्न येईन, त्यात तू हिच्यासंग वाजवशीन. नाई जमलं तं क्लार्नेट दुसऱ्याले, तुले झांज."

झांज! बायकोले काय तोंड दाखवू? मंग मी अक्कल चालवली. त्याच पाच सुरायचा एक जबाब घरीच बसवला, मईनाभर घोकला. शेजारी म्हने, "तुयापायी म्हैस दूध चोरून राह्यली बे!"

लग्न धामनगावले होतं. पंगत बसली का बँडाकडं कोन पाह्यते? उस्तादानं तवाच इशारा केला. बाजूलेच नवरीची माय लेकीले घास भरवून राह्यली होती. पोट्टीनं तिच्याकडं पाह्यलं अन् पेटीवर हळू, रडवेला सवाल टाकला. अन् मी बह्याड! घोकलेलं ठोकून देल्लं, भलतंच नाचरं. नवरीच्या मायनं असं पाह्यलं, जसी मी बुंदीच पळवली.

पोट्टी हासली नाई. तिनं तोच सवाल पुन्हा टाकला, अजून हळू. मायाजवळचं तं सारं सरलं होतं. मी तिचा शेवटचा सूर धरला, एकच पायरी वर गेलो अन् गुमान झालो. तिनं तठून पुढं नेलं.

पंगत उठली. उस्ताद आले, तसा मी झांजेसाठी हातच पुढं केला.

"क्लार्नेट राहू दे," ते म्हनले. "पन याच्यापुढं हिच्या बाजूले बसाचं. आयकत जाचं."

तिचं लग्न होऊन ती अमरावतीले गेली, तवरोक मी तिच्याच बाजूले बसलो. त्यातल्या चवथ्या वर्सी कुठी माया मनाचे चार सूर धड निंघाले.