घोटभर पाण्याची ऑर्डर

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी पेशंटचे श्वास मोजत नव्हते. आम्ही कुणीच मोजत नव्हतो. ताप थर्मामीटर सांगतो, बीपी यंत्र सांगतं, नाडी बोटाला लागते. श्वासासाठी मात्र छातीकडे मिनिटभर बघत उभं राहावं लागतं. गडमुडशिंगीच्या घरून पहिल्या बसनं दवाखान्यात यायचं आणि तक्त्यात श्वासाच्या रकान्यात सगळ्यांना अठरा-अठरा लिहून मोकळं व्हायचं.

एका सकाळी वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरनी माझा तक्ता उचलला. मला मनगटाला धरून एका दमेकऱ्याच्या खाटेशी नेलं. "मोज. मोठ्यानं."

मी मोजले. चौतीस भरले.

"आणि तू काय लिहिलंयस?"

"अठरा."

"तू मेलेल्याचेबी अठराच लिहिशील!" सगळ्या वॉर्डाला ऐकू गेलं. पेशंटची माणसं हसली. मग सिस्टरनी पेशंटला नाकातल्या नळीनं द्यायची डाळभाताची पातळ पेज वाटीत ओतली. ती गार आहे की कोमट, हेही मी बघितलं नव्हतं. "पी," म्हणाल्या. गार, बिनमिठाची ती पेज मी सगळ्यांसमोर उभ्यानं प्यायले. डोळ्यांत पाणी आलं तर त्या म्हणाल्या, "रडायचं असलं तर घरी."

त्या दिवसापासून एकच ठरवलं, की आपल्याला पुन्हा कुणी असं पकडता कामा नये.

त्याच महिन्यात कुरुंदवाडचा एक म्हातारा दाखल झाला. आतड्याला पीळ पडला होता. ऑपरेशन झालं आणि खाटेला 'एनबीएम'ची पाटी लागली, म्हणजे तोंडानं काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. सोबत त्याची बायको होती. सीमेकडची माणसं ती, आपसांत कानडीत बोलायची आणि मी त्यांच्या निम्म्या वयाचीही नसताना मला अक्का, म्हणजे थोरली बहीण, म्हणायची. मी म्हाताऱ्याला अज्जा आणि त्याच्या बायकोला अव्वा म्हणायची.

तिसऱ्या दिवशी त्याच्या जिभेला भेगा पडल्या होत्या. "अक्का, एक घोट," तो म्हणायचा. मी पाटीकडं बोट दाखवायची.

चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरांचा राउंड झाला तेव्हा मी पलीकडच्या रांगेत बीपी घेत होते. राउंडनंतर फाइल वाचायची आणि पाटी बदलायची असेल तर बदलायची, हे त्या दिवशी माझं काम होतं. मी आधी तक्ता भरायला बसले. तक्ता सिस्टर बघायच्या.

अकराच्या सुमाराला वळून बघितलं तर अव्वा लुगड्याचा पदर बाटलीत भिजवून अज्जाच्या तोंडात धरत होती आणि म्हातारा डोळे मिटून तो चोखत होता. मी धावत गेले आणि पदर त्याच्या तोंडातनं ओढून काढला.

"मारायचंय काय गं म्हाताऱ्याला? टाकं तुटलं तर कोण जबाबदार?"

मी मुद्दाम ओरडले. सिस्टर टेबलाशी होत्या, त्यांना ऐकू जावं म्हणून. पाण्याची बाटली उचलून मी आमच्या कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. अव्वा ओला पदर मुठीत धरून भिंतीला सरकली.

मग मी अज्जाचं मनगट धरलं. नाडी एकशेबारा. नंतर श्वास मोजायला लागले तर तो बोलायला लागला. "अक्का, पाणी..."

"गप पडा अज्जा. बोललं की मोजता येत न्हाय."

तो खरोखर गप झाला. एक अख्खं मिनिट माझ्याकडं बघत गप पडून राहिला. मी सव्वीस लिहिले. आकडा अगदी खरा होता. सिस्टरनी तक्ता बघितला आणि पहिल्यांदाच मान हलवली. मला इतका आनंद झाला की डबा खाताना मी ते मैत्रिणीला सांगितलं.

दुपारी तीनच्या आत अज्जा गेला. छातीत एकदम कळ आली, धावपळ झाली, उपयोग झाला नाही. रक्ताची गाठ फुप्फुसात गेली, डॉक्टर म्हणाले. त्याचा पाण्याशी काही संबंध नव्हता.

कागद पुरे करायला फाइल उघडली, तेव्हा सकाळची ऑर्डर दिसली. आतडी चालू झाली आहेत, घोट घोट पाणी द्यावं. वेळ साडेनऊची. म्हणजे पाटी तेव्हापासून खोटी होती.

सिस्टरनी माझ्या खांद्यावरून वाचलं. मला वाटलं, आता ओरडतील. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "जा. त्या बाईला तू सांग."

अव्वा जिन्यापाशी बसली होती. मी तोंड उघडायच्या आधीच तिनं माझा हात धरला. "अक्का, तू नको म्हणालीस, त्याच्या आदी मी दोनदा पदर दिलता. त्यानंच गेला काय गं?"

"न्हाय अव्वा, त्यानं न्हाय."

"मग पाणी चाललं असतं व्हय?"

मी म्हणाले, "न्हाय. चाललं नसतं."

तिनं माझा हात सोडला आणि स्वतःच्या तोंडात मारून घेतलं, एकदा, दोनदा. मी परत वॉर्डात आले. सिस्टरनी विचारलं, "सांगितलंस?" मी हो म्हणाले.

नर्स होऊन तीन वर्षं झाल्यावर मी कुरुंदवाडला गेले. पत्ता मला तेव्हापासूनच पाठ होता. सून चहा ठेवायला आत गेली. अव्वानं मला ओळखलं नाही, पण दवाखान्याचं नाव निघताच आपणहून सांगायला लागली. "माझ्याच हातनं गेलं माणूस. मी पाणी पाजलं."

मग मी सगळं सांगितलं. पाटी, फाइल, साडेनऊ, कपाटाचं कुलूप. सांगताना मला हलकं वाटत होतं, हेही खरंच सांगते. वाटलं, म्हातारीचं ओझं उतरेल.

सून चहाचा कप हातात घेऊन दारातच उभी राहिली होती.

"माझ्या हातनं गेला म्हणून सोसलं," अव्वा म्हणाली. "वाटायचं, जाताना पाणी पाजलं, चुकलं, पण पाजलं. आता सांगालीस, पोटभर पाजता आलं असतं. तू त्याला तहानलेलंच धाडलंस की गं. हे आता मी कुठं ठेवू?"

मी पाया पडायला वाकले तर तिनं पाय आत ओढून घेतले.

"कशाला सांगाय आलीस?" तिनं विचारलं. "जा तू आता."

सुनेनं चहा तसाच आत नेला. मी चप्पल घातली आणि स्टँडकडं चालत निघाले.